नाक्यासाठीची चाचणी आणि घरासाठीची चाचणी: साथीच्या काळात सीमाभागातील कुटुंबांनी विलगीकरण कसे पाळावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, कागवाड या पट्ट्यातील अनेक कुटुंबांची कोविडच्या चाचणीशी पहिली ओळख आजारामुळे झाली नाही, नाक्यामुळे झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये कर्नाटक शासनाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतील आरटीपीसीआर निगेटिव्ह अहवाल सक्तीचा केला, आणि कोल्हापूरहून निघालेली गाडी कोगनोळी नाक्यावर मोबाईलमधला अहवाल दाखवल्याशिवाय पुढे सरकेनाशी झाली. शिक्षण किंवा व्यवसायासाठी रोज ये-जा करणाऱ्यांना पंधरा दिवसांतून एकदा चाचणी करून घ्यावी लागे. परिणामी चाचणी म्हणजे परवाना, आणि परवाना मिळाला की काम झाले, अशी समजूत घरोघरी रुजली. नाका ओलांडण्यापुरती ती चालून गेली असेल. परंतु तोच अहवाल खिशात ठेवून, खोकत घरी येऊन वृद्ध आईच्या शेजारी जेवायला बसणाऱ्याला त्या कागदाने कोणतेही संरक्षण दिले नाही, आणि आईला तर मुळीच दिले नाही. चाचणी त्या क्षणापुरते सांगते, विलगीकरण मात्र दिवसांवर चालते. घरात हे दिवस कसे पाळावेत आणि चाचणीचा उपयोग नेमका कोठे करावा, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

येथे दिलेले आकडे कोविडच्या काळात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिलेल्या सूचनांतील आहेत. या सूचना २०२० ते २०२२ या काळात अनेकदा बदलल्या, त्यामुळे पुन्हा साथ आली तर त्या वेळचा चालू आदेश पाहणे अनिवार्य आहे. विषाणू निराळा असेल तर दिवसांची संख्याही निराळी असेल. श्वासावाटे पसरणाऱ्या आजारात घराची मांडणी, नोंदी आणि सावधगिरी मात्र बहुतांशी अशीच राहील.

अहवालाची वाट न पाहता वेगळे व्हावे

ताप, घसा धरणे, खोकला, अंगदुखी किंवा वास न येणे यांपैकी काहीही जाणवले की त्याच घटकेला त्या व्यक्तीने वेगळ्या जागी बसावे. चाचणी नंतर करावी. कोविडमध्ये लक्षणे दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून रुग्ण दुसऱ्याला लागण देऊ शकतो, म्हणजे लक्षण दिसेपर्यंत काही नुकसान होऊनच गेलेले असते. त्यात अहवाल येईपर्यंतचे एक-दोन दिवस आणखी मिसळण्यात काहीच शहाणपण नाही. एप्रिल-मे २०२१ मध्ये प्रयोगशाळांवर इतका ताण होता की अहवालाला त्याहूनही अधिक वेळ लागत असे, आणि त्या मधल्या दिवसांत एकामागून एक संपूर्ण घर आजारी पडल्याची उदाहरणे आपल्या भागात कमी नाहीत.

वेगळे झाल्यावर पहिले काम म्हणजे वहीत दोन ओळी लिहून ठेवणे: पहिले लक्षण कोणत्या तारखेला, साधारण किती वाजता जाणवले, आणि त्याच्या आधीच्या दोन दिवसांत बंद जागेत कोणाकोणाबरोबर वेळ गेला. ही नोंद किरकोळ वाटते, परंतु पुढे डॉक्टर, आशा कार्यकर्ती आणि कारखान्याचा मुकादम हे तिघेही हाच प्रश्न विचारतात, आणि तापात पडलेल्या माणसाला तारखा आठवत नाहीत. त्या यादीतील लोकांना स्वतः फोन करून सांगावे. हे सांगण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. उलट शेजाऱ्याला ही बातमी दूधवाल्याकडून कळली तर दुरावा वाढतो.

खोली निवडताना आधी वारा पाहावा

सरकारी पत्रकात "वेगळी, हवेशीर खोली आणि स्वतंत्र शौचालय" असे एका ओळीत लिहिलेले असते. टिळकवाडीतील बंगल्यात किंवा नव्या वसाहतीतील फ्लॅटमध्ये ते सहज जमते. शहापूर-वडगावच्या रांगेतल्या घरात, जेथे पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी, आणि अर्धी जागा मागाने व्यापलेली असते, तेथे ही ओळ वाचून माणूस हताश होतो. अशा घरात खोलीच्या आकारापेक्षा वाऱ्याची दिशा आधी पाहावी, कारण हा आजार प्रामुख्याने हवेतून पसरतो आणि माजघरासारख्या खिडकी नसलेल्या जागेत तो सर्वांत सहज पसरतो. वडीलधाऱ्या रुग्णाला उबेला म्हणून माजघरातच झोपवण्याची आपली रीत या आजारात नेमकी उलटी पडते, कारण घरातील प्रत्येकाची वाट तेथूनच जाते.

घरात मागे परडे असेल आणि स्वयंपाकघर पुढे हलवणे शक्य असेल, तर रुग्णाला मागच्या बाजूस ठेवणे उत्तम, कारण न्हाणी आणि शौचालय तिकडेच असते आणि त्याला घरभर फिरावे लागत नाही. ते शक्य नसेल तर पुढचा सोपा रुग्णाला द्यावा, मधले दार बंद करून त्याच्या खालच्या फटीत जुने गोणपाट किंवा चादर दाबून बसवावी, आणि घरच्या इतरांनी ये-जा मागच्या दाराने करावी. सोप्यावर रुग्ण असला की येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो समोरच दिसतो, हा संकोच खरा आहे. परंतु संकोचापोटी त्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवणे सर्वांना महागात पडते. मागाची जागा वेगळ्या छपराखाली असेल तर माग काही दिवस बंद ठेवून तीच जागा रुग्णासाठी वापरता येते. मात्र सुताचा तूस आधी झाडून, पुसून काढावा, कारण आधीच खोकणाऱ्या माणसाला तो त्रासदायक होतो.

टेबल फॅन असेल तर तो खिडकीच्या तोंडाशी, बाहेरच्या दिशेने फिरवून लावावा, म्हणजे खोलीतली हवा घरात न येता बाहेर ढकलली जाते. छताच्या पंख्याने हवा फक्त जागच्या जागी घुसळली जाते. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात दिवसभर खिडकी उघडी ठेवणे शक्य होत नाही. तेथे पावसाच्या उलट बाजूची खिडकी उघडी ठेवावी, आणि कौलारू घरात भिंतीच्या माथ्याशी असलेल्या फटी थंडी लागते म्हणून कापडाने बुजवू नयेत. रुग्णाच्या खोलीत धूप, ऊद किंवा गोवरीचा धूर करू नये. हवा शुद्ध करण्याच्या समजुतीने केलेला धूर आजारी फुप्फुसांना घातकच असतो.

शौचालय एकच असेल तर घरातील सर्वांनी आधी जाऊन घ्यावे आणि रुग्णाने शेवटी जावे, जाताना मास्क लावावा, आणि त्याच्यानंतर झरोका किंवा दार उघडे ठेवून जागा बराच वेळ मोकळी राहू द्यावी. नळाची तोटी, कडी आणि बादलीचा कान यांवरून साबणाचे पाणी किंवा एक टक्का हायपोक्लोराइटचे द्रावण फिरवावे. साधारण ३३ टक्के क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर ३० ग्रॅम घेऊन एक लिटर पाण्यात कालवली की असे द्रावण घरीच तयार होते. ते करताना शौचालय धुण्याचे अ‍ॅसिड त्यात किंवा त्याच्या जवळपासही येऊ देऊ नये, कारण दोन्ही एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. पुसण्या-धुण्याला एवढे महत्त्व पुरे आहे. पहिल्या साथीत भाजीची जुडी साबणाने धुण्यात जितकी शक्ती खर्ची पडली, तिच्यातील थोडी खिडक्या उघडण्यात लागली असती तर अधिक बरे झाले असते.

एकाच खोलीचे घर असेल तर गृह विलगीकरणाचा हट्ट धरू नये. तालुक्यात कोविड केअर सेंटर किंवा तशी सोय सुरू असेल तर तेथे जाणे हाच उचित मार्ग आहे, आणि त्याची चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामपंचायतीच्या पीडीओंकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे, करता येते. अशा वेळी पुष्कळ घरांत निराळाच विचार सुचतो: म्हाताऱ्यांना किंवा मुलांना चंदगडला, गडहिंग्लजला, नाहीतर मुलीच्या सासरी पाठवून द्यावे. हे करू नये. रुग्णाबरोबर एका घरात राहिलेली व्यक्ती वरून ठणठणीत दिसत असली तरी तिला लागण झालेली असू शकते, आणि आपण सुरक्षित स्थळी पाठवतो आहोत असे समजून आपण आजारच दुसऱ्या गावी पोहोचवतो.

सेवा कोणी करायची

रुग्णाची देखभाल एकाच व्यक्तीने करावी. ती शक्यतो लस घेतलेली असावी, आणि तिला मधुमेह, दमा, हृदयविकार यांपैकी काही नसावे. आपल्याकडे हा प्रश्न विचारलाच जात नाही, कारण उत्तर ठरलेले असते: सून. तिची प्रकृती कशी आहे, तिच्या अंगावर दूध पिणारे मूल आहे का, याची चौकशी न होता ताट तिच्या हाती दिले जाते. पुढे ती स्वतः आडवी झाली की चूल कोणी पेटवायची हे कोणालाच ठाऊक नसते. ज्याची प्रकृती सर्वांत धडधाकट त्याने सेवा करावी, मग तो घरातील तरुण मुलगा का असेना, आणि भात-आमटी शिजवण्यापुरते शिक्षण घरातील पुरुषांनी साथ येण्याआधीच घेऊन ठेवावे.

देखभाल करणाऱ्याने रुग्णाच्या खोलीत जाताना एन ९५ मास्क लावावा आणि रुग्णानेही त्या वेळी मास्क लावावा. ताट दाराशी स्टुलावर ठेवून मागे सरावे. गप्पा फोनवर माराव्यात. बाहेर आल्यावर साबणाने किमान ४० सेकंद हात धुवावेत. रुग्णाची भांडी वेगळी ठेवावीत, पण ती फेकण्याची आवश्यकता नाही, साबण आणि गरम पाणी पुरेसे आहे. मास्क आठ तासांनी, किंवा ओला झाल्यास त्याआधीच बदलावा, आणि वापरलेला मास्क तुकडे करून कागदी पिशवीत ७२ तास ठेवल्यावर कचऱ्यात टाकावा. पाच वर्षांखालील मुलांना मास्क लावू नये. आई बाधित असली तरी तिने मास्क लावून आणि हात धुऊन बाळाला अंगावर पाजणे चालू ठेवावे. दूध तोडण्याचा सल्ला कोणी दिलाच तर तो मानू नये.

आहाराविषयी फार सांगण्यासारखे नाही. जे रुचेल आणि पचेल ते द्यावे, नाचणीची आंबील किंवा तांदळाची पेज ताप असतानाही पोटात जाते, आणि पाणी भरपूर द्यावे. वाफ घेताना गरम पाण्याचे भांडे मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे. भाजून घेतल्याच्या जखमा घेऊन साथीच्या काळात दवाखान्यात जावे लागणे परवडणारे नाही.

बाहेरच्यांना नाही म्हणणे हे आपल्या भागात सर्वांत अवघड काम आहे, कारण आजाऱ्याला भेटायला न जाणे हा अपमान समजला जातो. त्यासाठी घरातील ज्येष्ठाने आधीच फोन करावा. "मामा, आठ-दहा दिवस इकडे येऊ नका, अण्णांची तब्येत मीच रोज कळवतो," किंवा "वैनी, डबा कट्ट्यावर ठेवा आणि हाक मारा, आम्ही घेतो," एवढे मोकळेपणाने सांगितले तर कोणी वाईट वाटून घेत नाही. दाराला कुलूप लावून आत गप्प बसल्याने मात्र नाना तर्क सुरू होतात.

कोणती चाचणी, केव्हा आणि कोणाची

आरटीपीसीआर चाचणीत विषाणूचा अंश प्रयोगशाळेत वाढवून शोधला जातो, त्यामुळे ती अधिक खात्रीची आहे, पण तिला वेळ लागतो. रॅपिड अँटिजेन चाचणीचे उत्तर पाव तासात मिळते. ती पॉझिटिव्ह आली तर ते उत्तर ग्राह्य धरावे आणि दुसऱ्या चाचणीच्या मागे लागू नये. लक्षणे असून ती निगेटिव्ह आली तर मात्र आरटीपीसीआर करून घ्यावी, आणि तोपर्यंत वेगळेच राहावे. नाक्याच्या सवयीमुळे नेमकी येथेच चूक होते: रॅपिड निगेटिव्ह आली, म्हणजे सुटलो, असे मानून माणूस खोलीबाहेर येतो.

लागण झाल्या दिवशीच चाचणी केली तर ती बहुधा निगेटिव्हच येते, कारण विषाणू सापडण्याइतका वाढायला काही दिवस जातात. म्हणूनच २०२० मधील सूचनांत, लक्षणे नसलेल्या निकट संपर्कातील व्यक्तीची चाचणी संपर्कानंतर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान एकदा करावी असे सांगितले होते. जानेवारी २०२२ मध्ये हे धोरण बदलले, आणि लक्षणे नसलेल्या संपर्कातील व्यक्तींपैकी केवळ वृद्ध किंवा मधुमेह, रक्तदाब, फुप्फुस वा मूत्रपिंडाचे विकार असे सहव्याधी असणाऱ्यांचीच चाचणी पुरेशी मानली गेली. पहिल्याच दिवशी सबंध घराला गाडीत घालून चाचणी केंद्रावर नेण्याने ना उत्तर मिळते ना समाधान. शिवाय एका बंद गाडीत रुग्ण आणि निरोगी शेजारी-शेजारी बसतात ते वेगळेच.

बेळगावात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे. कोविडच्या काळात तेथे आरटीपीसीआर तपासणी होत असे. सामान्य कुटुंबाने मात्र थेट प्रयोगशाळा न शोधता जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नमुना द्यावा, जेथे ही चाचणी विनामूल्य होत असे. नमुना देताना एसआरएफ क्रमांक, म्हणजे नमुन्याच्या अर्जाचा क्रमांक, लिहून घेण्यास विसरू नये, कारण अहवाल त्याच क्रमांकावर शोधावा लागतो. मोबाईल क्रमांक रोज हाती असणाऱ्या फोनचाच द्यावा. मुंबईला असलेल्या मुलाचा क्रमांक दिला तर आरोग्य खात्याचा फोन मुंबईत वाजतो आणि खानापूरच्या घरी कोणाला काही कळत नाही.

घरी करण्याच्या चाचणीला भारतात मे २०२१ मध्ये पहिली मान्यता मिळाली, ती पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या कोविसेल्फ या संचाला. त्याची किंमत तेव्हा २५० रुपये होती. अशा संचाबरोबरची माहितीपत्रिका मराठीत असेलच असे नाही, म्हणून कृती सविस्तर देत आहे. प्रत्येक कंपनीच्या संचात थोडाफार फरक असल्याने पत्रिकेतील चित्रे मात्र आधी पाहून घ्यावीत.

हात धुऊन, पुसून कोरडे करावेत आणि संच सपाट जागेवर ठेवावा. द्रव असलेली नळी टेबलावर हलकेच आपटून द्रव तळाशी आणावा. काडीच्या मऊ टोकाला बोट लागू देऊ नये. ती एका नाकपुडीत दोन ते चार सेंटिमीटर, किंचित अडथळा जाणवेपर्यंत, सरळ घालून आतल्या बाजूने पाच वेळा फिरवावी, आणि तीच काडी दुसऱ्या नाकपुडीतही तशीच फिरवावी. लहान मुलाला हे करताना एकाने मांडीवर घेऊन डोके छातीशी धरावे आणि दुसऱ्याने काडी फिरवावी. जबरदस्तीने खोल घालू नये. नंतर काडी नळीतील द्रवात बुडवून, नळी बाहेरून चिमटीत दाबत चांगली घुसळावी, खुणेजवळ मोडून झाकण लावावे आणि चाचणीपट्टीच्या खाचेत दोन थेंब सोडावेत. तेव्हाची वेळ लिहावी. पंधरा मिनिटांनी पाहावे; वीस मिनिटांनंतर उमटलेली रेघ गृहीत धरू नये. सी या अक्षरासमोर रेघ नसेल तर संच बाद समजून दुसरा घ्यावा. सी आणि टी दोन्हींसमोर रेघ असेल तर चाचणी पॉझिटिव्ह, आणि टीसमोरची रेघ पुसट असली तरीही पॉझिटिव्हच. ती पुसट आहे म्हणजे आजार सौम्य आहे, असा अर्थ काढू नये. आरटीपीसीआरच्या अहवालातील सीटी मूल्यावरूनही, म्हणजे विषाणू सापडेपर्यंत चाचणीची किती आवर्तने लागली त्या आकड्यावरूनही, घरच्या घरी असे निष्कर्ष काढू नयेत.

रोज काय मोजायचे आणि केव्हा हलवायचे

सौम्य आजार घरी बरा होतो, परंतु तो सौम्यच राहिला आहे हे रोज पडताळावे लागते. साठ वर्षांवरील किंवा सहव्याधी असलेल्या रुग्णाला डॉक्टरांनी तपासल्याशिवाय घरी ठेवू नये. अवयव प्रत्यारोपण, कर्करोगाचे उपचार अशा कारणांनी प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांसाठी तर घर ही योग्य जागाच नव्हे.

दिवसातून किमान तीन-चार वेळा ताप आणि ऑक्सिजन मोजून वहीत लिहावा. ऑक्सिमीटर लावण्यापूर्वी रुग्णाला पाच मिनिटे शांत बसू द्यावे. पावसाळ्यात बोटे गार पडलेली असतात, ती एकमेकांवर चोळून ऊब आणावी. नखावर पॉलिश किंवा मेंदी असेल तर दुसरे बोट घ्यावे. मधल्या बोटाला यंत्र लावून हात छातीशी स्थिर धरावा आणि आकडा अर्धा ते एक मिनिट एका जागी टिकेपर्यंत थांबावे. पहिला दिसलेला आकडा खरा नसतो, आणि त्याच आकड्याने कित्येक घरांत विनाकारण घबराट झाली आहे. ऑक्सिजन ९३ च्या वर असावा. तो ९३ किंवा त्याखाली एका तासात किमान तीनदा आला, तर पुढचा विचार न करता डॉक्टरांना कळवून रुग्णाला हलवावे. ऑक्सिमीटर नसेल तर रुग्ण पडून असताना त्याच्या पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट पाहून श्वास मोजावेत. मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला २४ हून अधिक असतील तर तीही धोक्याची खूण आहे. १०० अंश फॅरेनहाइटच्या वरचा ताप तीन दिवसांहून अधिक टिकणे, छातीत सतत दाब किंवा दुखणे, बोलताना धाप लागणे, बरळणे किंवा हाक मारल्यावर नीट जाग न येणे, कमालीचा थकवा येणे, यांपैकी एक जरी दिसले तरी रात्र सरण्याची वाट पाहू नये.

तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात द्यावे. व्हॉट्सॲपवर फिरणारी औषधांची चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवून स्टिरॉइड आणण्याचा प्रकार मात्र पूर्णपणे वर्ज्य समजावा. सौम्य आजारात स्टिरॉइडने फायदा नाही, रक्तातील साखर वाढते, आणि २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराचे जे रुग्ण आढळले त्यांत अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा वापर ही प्रमुख कारणे होती. रुग्णाच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या चालूच ठेवाव्यात.

एकटे पडून राहिलेल्या माणसाचे मनही खचते. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून त्यासाठीच सुरू आहे, आणि त्यावर बोलण्यास वेड लागलेले असावे लागत नाही.

दिवस मोजण्याची रीत

जानेवारी २०२२ च्या सूचनेनुसार, चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून किमान सात दिवस झाले आणि सलग तीन दिवस ताप आला नाही, की गृह विलगीकरण संपते; पुन्हा चाचणी करण्याची गरज नसते. त्याआधी, एप्रिल २०२१ मध्ये, लक्षणे सुरू झाल्यापासून दहा दिवस अशी अट होती. दिवसांची आणि ताप नसण्याची या दोन्ही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. समजा चाचणी बुधवारी पॉझिटिव्ह आली; पुढच्या बुधवारी सात दिवस होतात. परंतु ताप सोमवारपर्यंत येत राहिला असेल, तर मंगळवार, बुधवार आणि गुरुवार हे तीन दिवस तापाविना जावे लागतील आणि सुटका शुक्रवारी होईल. पॅरासिटामॉल घेऊन उतरलेला ताप हा ताप नसण्यात धरू नये.

घरात चार दिवसांनी दुसरी व्यक्ती आजारी पडली तर तिचे दिवस तिच्यापासून सुरू होतात, पहिल्याच्या दिवसांना ते जोडायचे नसतात. पहिला बरा होऊन बाहेर आला तरी घरातील उरलेले निरोगी सदस्य आता दुसऱ्या रुग्णाच्या संपर्कातले ठरतात आणि त्यांची मोजणी नव्याने सुरू होते. मोठ्या एकत्र कुटुंबात हे चक्र तीन-चार आठवडे चालते, आणि मधेच कंटाळून सगळेच एकत्र बसून जेवू लागतात. म्हणून कॅलेंडरवर प्रत्येकाच्या नावाचे आद्याक्षर लिहून त्याची सुरुवातीची आणि शेवटची तारीख मांडावी. वाद घालण्यापेक्षा तारखेकडे बोट दाखवणे सोपे जाते.

बरे झाल्यावर खात्रीसाठी पुन्हा आरटीपीसीआर करण्याचा मोह टाळावा. मृत विषाणूचे अवशेष कित्येक आठवडे सापडू शकतात, आणि लागण देण्याची क्षमता संपलेला माणूस केवळ कागदावर पॉझिटिव्ह राहून आणखी पंधरा दिवस खोलीत कोंडला जातो.

दोन राज्यांच्या मधोमध

नियम तुमच्या मातृभाषेवरून किंवा तुम्ही कोठे नोकरीला जाता यावरून ठरत नाहीत. तुम्ही ज्या जागी राहता, त्या जिल्ह्याच्या प्रशासनाचा आदेश तुम्हाला लागू होतो. बेळगाव जिल्ह्यातील घरी विलगीकरण पाळायचे असेल तर कर्नाटकाचा आदेश पाहावा, आणि मुलगा कोल्हापूरला भाड्याच्या खोलीत असेल तर त्याने महाराष्ट्राचा. दूरदर्शनच्या मराठी वाहिन्यांवरील बातम्या पाहून मुंबई-पुण्याचे निर्बंध उठले म्हणजे आपलेही उठले, असे मानणाऱ्यांची नंतर पंचाईत होते. जिल्हा प्रशासनाचा आदेश बहुधा कन्नडमध्ये असतो. तो समजत नसल्यास आशा कार्यकर्तीला किंवा शाळेत कन्नड शिकलेल्या आपल्याच मुलांना वाचायला लावावे, पुढे ढकललेल्या संदेशातील मराठी सारांशावर विसंबू नये.

मिरज, सांगली, कोल्हापूर किंवा गोव्यात चाचणी करून घेतल्यास अर्जावर आधार कार्डावरील जुना पत्ता न लिहिता सध्या राहत असलेल्या घराचा पत्ता, तालुका आणि राज्य स्पष्ट लिहावे, म्हणजे पाठपुरावा योग्य आरोग्य केंद्राकडून होतो. नाका ओलांडण्यासाठी अहवाल सक्तीचा असताना २०२१ च्या आदेशांत दोन वर्षांखालील मुलांना, तसेच घरातील मृत्यू किंवा वैद्यकीय उपचार अशा तातडीच्या कारणांनी येणाऱ्यांना सवलत होती. अशी सवलत असली तरी कारणाचा पुरावा, म्हणजे रुग्णालयाचे पत्र किंवा दूरध्वनी संदेश, हाताशी ठेवलेला बरा.

तातडीच्या वेळी १०८ वर फोन करताना एक बारकावा ध्यानात ठेवावा. सीमेलगतच्या गावांत मोबाईल पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो आणि फोन पलीकडच्या नियंत्रण कक्षात लागू शकतो. म्हणून "हॅलो" नंतरचे पहिलेच वाक्य राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव सांगणारे असावे, त्यानंतर रुग्णाचे वय आणि ऑक्सिजनचा आकडा सांगावा. सल्ल्यासाठी कोविडच्या काळात कर्नाटकात १०४ आणि देशभरात १०७५ हे क्रमांक होते.

कोणत्या रुग्णालयात न्यायचे हे आधीच ठरवून ठेवावे. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांना बिम्स, म्हणजे जिल्हा रुग्णालय जवळ. निपाणीकरांची पावले कोल्हापूरकडे वळतात, तर अथणी-कागवाडकडच्यांना मिरज सोयीचे पडते. साथ जोरात असताना पलीकडच्या राज्यातील रुग्णालयात खाट मिळेल का, आणि रुग्णवाहिका सीमा ओलांडेल का, हे रुग्ण धापा टाकत असताना विचारण्याचे प्रश्न नव्हेत. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. तिचा लाभ घ्यायचा असेल तर आपले गाव त्या यादीत आहे का, ठरवलेले रुग्णालय योजनेत आहे का, आणि कोणती कागदपत्रे लागतात, ही चौकशी घरात सगळे निरोगी असतानाच करावी, आणि रेशन कार्ड, आधार कार्ड व जुने औषधोपचारांचे कागद एका पिशवीत घालून ती दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवावी.

विलगीकरण संपल्यावर कामावर रुजू होण्यासाठी प्रमाणपत्र लागत असेल तर ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून मागावे, आणि त्यावर चाचणीची तारीख, विलगीकरण संपल्याची तारीख आणि पुन्हा चाचणीची आवश्यकता नसल्याचा उल्लेख, या तिन्ही गोष्टी मागून घ्याव्यात. शिनोळीच्या किंवा गडहिंग्लजच्या कारखान्यात दाखवायचे असेल तर ते इंग्रजीत लिहून देण्याची विनंती करावी, कारण कन्नडमधील प्रमाणपत्र तेथे वाचले जात नाही, आणि एवढ्याच कारणावरून कामगाराला निगेटिव्ह अहवाल आणण्यासाठी परत पाठवले जाऊ शकते.